सात भाग आणि एक डोळा

माझ्या औषधांच्या दुकानात प्रत्येक गोळीला जागा आहे आणि ती जागा मी ठरवते. घरीही तेच. त्यामुळे आत्याच्या डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "उजवा गेलाच आहे, डाव्याने वाचता येईल असे तीन महिने धरा," तेव्हा मी रडत बसले नाही. दवाखान्याच्या बाकावरच एका रिकाम्या खोक्याच्या पाठीवर तक्ता आखायला घेतला. वाचल्याने डोळा झिजत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण तासाभराने अक्षरं पोहायला लागतील, तेव्हा थांबायचं. रोज एका तासाला भिंगाखालून दहा पानं. तीन महिन्यांची नऊशे.

आणि आत्याला वाचायची होती अठ्ठावीसशे.

आत्या तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होती. त्या छापखान्याने कड्यावरच्या हवेलीची ती सात भागांची मालिका काढली. दोनशे वर्षांपूर्वीचा काळ, समुद्राकडे तोंड केलेली काळ्या दगडाची हवेली, गालावर व्रण असलेला अबोल मालक, जिचं नाव कोणी काढत नाही अशी त्याची पहिली बायको, आणि तिथे नोकरीला आलेली एक हट्टी मुलगी. प्रत्येक मुखपृष्ठावर वादळ. आत्याला या मालिकेचं वेड होतं. आणि तिने त्यातला एकही भाग पुरता वाचलेला नव्हता!

याचं कारण छापखान्याचा फोरमन. गोष्टीत बुडालात की चुका सुटतात, असं त्याचं ठाम मत. म्हणून तो सोळा-सोळा पानांचे फर्मे दोन माणसांत वाटायचा. पहिला आत्याला, दुसरा समोरच्या टेबलावर, तिसरा पुन्हा आत्याला. शिवाय दोघांनी गोष्टीबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढायचं नाही.

"म्हणजे तू इतकी वर्षं अर्धी गोष्ट पोटात घेऊन फिरलीस?" मी विचारलं.

"अर्धी असती तर बरं होतं. एक आड एक! मुलगी जिन्यावर दिवा घेऊन चढते, दार उघडते, आणि पान संपतं. पुढच्या फर्म्यात ती सरळ न्याहारी करतेय. दारामागे काय होतं, ते समोरच्या माणसाला माहीत."

निवृत्त झाल्यावर निवांत वाचू म्हणून तिने सातही भाग कपाटात ओळीने लावून ठेवले होते. निवांतपणा काही आला नाही. आधी आजोबांचं आजारपण, मग माझं दुकान, मग माझी मुलं. त्यातला निम्मा दोष माझा आहे, हे मी इथे सांगून टाकते.

मी जिद्दीला पेटले. मालिकेच्या वाचकांची भांडणं वाचून काढली. पाचव्या भागात मालकाच्या आजीच्या तरुणपणाची कथा आहे, म्हणजे काळाने तो सगळ्यांत आधीचा. एक गट म्हणतो पाचवा आधी वाचा, दुसरा म्हणतो छापले तसेच वाचा. मला सनावळी आवडते. मी तक्त्यात पाचवा पहिल्या जागी टाकला आणि दुसरा नि चौथा सरळ गाळले, उरलेल्यांतलीही निम्म्याहून जास्त पानं.

आत्याने तक्ता भिंगाखाली धरला. "पाचवा आधी वाचला की तळघरात कोण आहे ते कळतं. मग पहिल्या भागात घाबरायचं कशाला? आणि गाळायचं म्हणशील तर एक पान गाळणार नाही. आयुष्यभर गाळलेलंच वाचलंय मी."

"मग मी वाचून दाखवते."

"तू? तू औषधाच्या चिठ्ठीसारखं वाचतेस. सकाळी एक, संध्याकाळी एक."

खोटं नव्हतं ते. मी दोन दिवस धुमसले. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आत्याकडे नसलेली निम्मी गोष्ट समोरच्या टेबलावरच्या माणसाकडे होती.

त्यांना सगळा छापखाना वेलांटी म्हणायचा, कारण कागद चार हात लांब असला तरी चुकलेली वेलांटी त्यांना दिसायची. आत्या आणि ते अकरा वर्षं बोलत नव्हते. चौथ्या भागात मालकाचा व्रण आत्याच्या फर्म्यांत डाव्या गालावर होता आणि वेलांटींच्या फर्म्यांत उजव्या. मुळात हस्तलिखितच चुकलं होतं, पण दोघांनी अर्धंअर्धं वाचलेलं, कळणार कोणाला? पुस्तक छापून आलं, वाचकांच्या पत्रांचा ढीग पडला आणि फोरमनने दोघांना सगळ्यांसमोर झापलं. आत्याला राग त्याचा नव्हता. तिला आधीच शंका आली होती. ती विचारायला गेली तेव्हा वेलांटी मान वर न करता म्हणाले होते, "नियम म्हणजे नियम. गोष्टीबद्दल बोलायचं नाही."

"त्या माणसाच्या दारात मी जाणार नाही," आत्या म्हणाली.

"तू नको जाऊस. मी जाते."

"गेलीस तर याद राख."

मी गेले. आत्याला मी भीत नाही, निदान दुकान उघडं असतं तेव्हा तरी नाही. वेलांटी दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत राहत होते. त्यांच्या कपाटातही तेच सात भाग होते, तितकेच कोरे. मी डोळ्याचं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून पहिला भाग कपाटातून काढला. मग म्हणाले, "मला सांग, जिन्यावर दिवा घेऊन ती चढते कशी? माझ्याकडे ती एकदम दारातच उभी असते."

दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात हजर. आत्याने त्यांना बसा म्हटलं नाही. ते उभ्यानेच म्हणाले, "तुम्ही विचारायला आलात तेव्हा मी कागद बाजूला ठेवायला हवा होता. चूक माझी."

आत्या म्हणाली, "अकरा वर्षं लागली हे वाक्य तपासायला?"

"तीनदा वाचून बघितलं."

"बसा मग."

क्रमाचा निकाल पाच मिनिटांत लागला. वेलांटीही माझ्यासारखेच पाचव्याच्या बाजूचे निघाले, पण आत्याने आम्हा दोघांना गप्प केलं. "लिहिणाऱ्याने ज्या क्रमाने लपवलं, त्याच क्रमाने उघडायचं." पहिले सहा भाग तोंडाने. सोळा पानं आत्या आठवून सांगणार, पुढची सोळा वेलांटी. सातवा भाग दोघांच्या निवृत्तीनंतर निघालेला, त्यातलं कोणालाच काही माहीत नव्हतं. तो आत्या स्वतःच्या डोळ्याने वाचणार. चारशे पानं, चाळीस दिवस. माझ्या तक्त्यात ते बसत होतं.

रोज दुपारी दोघं समोरासमोर बसायची. मी दुकानातून जेवायला यायची आणि परत जायला उशीर करायची. कुठे कोणाची आठवण अडलीच, तर मला पुस्तक उघडून दोन ओळी वाचायची परवानगी होती. दारामागे पहिल्या बायकोची खोली होती, तिच्यात रिकामा पाळणा. वेलांटींनी ते सांगितलं तेव्हा आत्याने कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "तरीच ती न्याहारीला काही खात नाही. मी त्या पानावर लेखकाची चूक म्हणून खूण केली होती."

सहा भाग सहा आठवड्यांत झाले. आत्याने सातवा उघडला. सहा दिवसांत साठ पानं झाली आणि सातव्या दिवशी ती म्हणाली, "ओळीच्या मध्ये भोक पडतंय."

आम्ही पुन्हा दवाखान्यात. डॉक्टरांनी या वेळी महिने म्हटलं नाही. "आठवडा, फार तर दोन," एवढंच म्हणाले.

मी घरी येऊन तक्ता पुन्हा आखला. तासाऐवजी दोन बैठका, मोठं भिंग, जास्त उजेड. काही केल्या दोनशेच्या वर पानं जाईनात. आत्याने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"शेवटचं प्रकरण किती पानांचं आहे?"

"अडतीस. का?"

"उद्यापासून तेच."

"आत्या! साठ पानांवरून शेवटावर? पाचवा आधी घेतला तर आकांडतांडव करणारी तू!"

"तेव्हा मला वाटत होतं, डोळा शेवटापर्यंत येईल. आता येत नाही. मधलं मला कोणीही वाचून दाखवा, मी ऐकेन. पण शेवट मी दुसऱ्याच्या तोंडून घेणार नाही. तीस वर्षं तेच केलंय. हा एक शेवट मला माझ्या डोळ्याने बघायचाय."

मला भांडायचं होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मी मुकाट्याने पान तीनशे त्रेसष्ट उघडून दिलं.

अडतीस पानांना अकरा दिवस लागले. शेवटी शेवटी ती एकेक शब्द डोळ्याच्या कडेने धरायची, मान वाकडी करून, कपाळाला घाम येईपर्यंत. अकराव्या दिवशी तिने भिंग खाली ठेवलं, पुस्तक मिटलं आणि हसली. मग रडली. मीही रडले, अगदी मोठ्याने. त्यानंतर तिला छापील अक्षर वाचता आलं नाही.

आता वेलांटी पान एकसष्टपासून वाचतात. ते आत्याइतकेच अधीर आहेत, पण शेवट त्यांना माहीत नाही आणि पुढे डोकावायचं नाही असा आत्याने नियम घातलाय. परवा वादळात होडी उलटली तिथे ते थांबले.

"एवढं तरी सांगा. मालक जगतो ना?"

"वाचा."

"मान हलवा नुसती."

"नियम म्हणजे नियम," आत्या म्हणाली आणि पाठीमागे उशी घेऊन बसली.

ते रोज चारच पानं वाचतात. या वेगाने पुस्तक संपायला अडीच महिने लागतील, हे मी मनातल्या मनात मोजलं. जरा भरभर वाचा म्हणून सांगायला मी तोंड उघडणार, तोच आत्याने माझा हात दाबला.

"हळूच वाचू दे त्यांना," ती कुजबुजली. "शेवट चांगला आहे."