गोवराच्या घरातली फोडणी

मानसिंगने पहिली लाथ घातली ती खिचडीच्या पातेल्याला. चुलीवरचं पातेलं उलटलं आणि वाफाळती खिचडी अंगणवाडीच्या सारवलेल्या जमिनीवर पसरली. ताटल्या पुढ्यात घेऊन बसलेली पोरं किंचाळत दाराकडे पळाली. दोघातिघांचे तळवे भाजले, एक पोरगी दारातच धडपडली आणि बाकीची तिच्या अंगावरून गेली. मानसिंगला त्याचं काही नव्हतं. त्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता, पातं काढून ठेवलेला. म्हणजे तेवढी अक्कल शाबूत होती असं म्हणायचं, आणि पुढे घडलं ते पाहता तेही म्हणवत नाही.

दांड्याने त्याने पोरांचं वजन करायचा काटा तोडला. फळीवरच्या औषधाच्या बाटल्या एका फटक्यात खाली आणल्या. अंगणवाडीची बाई ज्योत्स्ना आडवी आली, तर तिला त्याने भिंतीवर ढकलून दिलं. मग तो वळला चुलीपाशी उभ्या असलेल्या दगडाबाईकडे. दगडाबाई अंगणवाडीची मदतनीस, खिचडी शिजवणारी, आणि मानसिंगची सख्खी चुलती. त्याची आई बाळंतपणात आजारी पडली तेव्हा हिनेच त्याला अंगावर पाजलं होतं. तिच्यावर त्याने दांडा उगारला.

"माझ्या पोरीला फोडणीची खिचडी तू दिलीस?" त्याने विचारलं.

दगडाबाईने भिंतीतल्या झरोक्याकडे एकदा पाहिलं. झरोक्यापलीकडे मानसिंगची बायको म्हाळसा उभी होती, चार वर्षांच्या छकुलीला पोटाशी धरून. दोघींची नजरानजर झाली. म्हाळसाने नजर खाली वळवली.

"व्हय," दगडाबाई म्हणाली. "मीच दिली. पोरगी उपाशी हुती."

दांडा तिच्या उजव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज म्हाळसाने भिंतीआडून ऐकला. दुसरा फटका डोक्यात बसला आणि म्हातारी सांडलेल्या खिचडीतच कोसळली.

आता हे का झालं, ते सांगायला हवं. बारामतीजवळच्या पणदऱ्याच्या पुढे, कालव्याकाठी उंबरवाडी आहे. मानसिंगचं घर आणि अंगणवाडीची खोली पाठीला पाठ लावून, मधे एकच भिंत. ज्योत्स्ना गावातल्या बौद्ध वस्तीतली, बारावी झालेली. तिने अंगणवाडी घेतली तेव्हा उसवाल्या घरांनी पोरं पाठवली नाहीत. उघड कोणी काही बोललं नाही, पण तिच्या हातचं पोरांनी खायचं कसं, हे सगळ्यांच्या पोटात होतं. मग दगडाबाईने मदतनिसाचं काम मागून घेतलं आणि पळी आपल्या हातात घेतली. चुलतीच शिजवते म्हटल्यावर भावकीची तोंडं बंद झाली. वर्षभरात सगळ्या आळ्यांची पोरं एका ओळीत बसून जेवायला लागली. कुपोषित म्हणून नाव लागलेल्या पोरांना दुप्पट वाढलं जायचं आणि नर्सबाईही तिथेच येऊन सुया टोचायची. असं सगळं बरं चाललेलं असताना छकुलीला गोवर निघाला.

गोवर निघाला म्हणजे घरात देवी आली. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. बाहेरचं माणूस आत येणं बंद झालं. तेल बंद, मीठ बंद आणि फोडणी तर नावालाही नाही, कारण फोडणी तडतडली की देवी खवळते आणि पोराचं अंग आतून भाजून काढते. म्हाळसाची सासू अक्काबाई या बाबतीत फार कडक. तिने झाकणासकट तेलाचा डबा माळ्यावर टाकला आणि अंगणवाडीलाही निरोप धाडला, भिंतीला भिंत आहे, फोडणी बंद ठेवा. ज्योत्स्नाने ऐकलं बिचारीने. पण बिनफोडणीची पांढरी खिचडी पोरं तोंडात घेईनात, ताटल्या तशाच राहायला लागल्या. मग तिने पुन्हा फोडणी घालायला सांगितलं. पोरं उपाशी ठेवून कुठली देवी खूश होते, असं ती म्हणाली. ते तिचं म्हणणं अक्काबाईपर्यंत तिखटमीठ लावून पोहोचलंच.

इकडे छकुलीने पाण्यातली भाकरीही सोडली होती. अंगावरचं पुरळ काळं पडलं, बरगड्या मोजाव्यात अशा वर आल्या. ती नुसती पडून असायची. आणि त्या दुपारी झरोक्यातून मोहरी-लसणाचा वास आला तशी तिने मान वळवली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून मान वळवली. "मला," एवढंच म्हणाली. सासू गोठ्यात गेल्याचं बघून म्हाळसाने झरोक्यातून वाटी पुढे केली आणि दगडाबाईने ती भरून दिली. पोरीने चार घास खाल्ले, आणखी मागितलं.

संध्याकाळी पोरीला ताप चढला. गोवरात ताप चढतोच, पण अक्काबाईला पोरीच्या ओठाच्या कोपऱ्यात मोहरीचा दाणा सापडला. घरात एकच हलकल्लोळ झाला. मानसिंगने म्हाळसाचा गळा धरून तिला भिंतीला टेकवली आणि विचारलं, कोणी दिलं. श्वास कोंडलेला, डोळ्यांपुढे काजवे. "काकींनी दिली," म्हाळसा बोलून गेली. "मी न्हाय म्हनत हुते, तरी झरोक्यातनं दिली." गळ्यावरची बोटं सुटली. जीव वाचवायला माणूस काय काय बोलतं, पण बोललेलं परत गिळता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी म्हातारीचं हाड मोडलं ते या एका वाक्याने.

दगडाबाईला बारामतीच्या दवाखान्यात नेलं. ज्योत्स्ना पोलिसात जायला निघाली होती, पण सरपंच बापूसाहेबांनी भावकीतलं भांडण आहे, गावात मिटवू, म्हणून तिला अडवलं. अंगणवाडीला कुलूप लागलं. झरोक्यातून वास यायचा थांबला आणि छकुलीची मान पुन्हा पडली. म्हाळसाला त्या भिंतीकडे बघवेना. दूध तरी देऊ का, असं तिने नवऱ्याला विचारलं, तर उत्तरादाखल कानाखाली आली.

ज्योत्स्ना एवढ्यावरही गप्प बसणारी नव्हती. ती मानसिंगच्या अंगणात येऊन उभी राहिली. कडुलिंबाच्या डहाळ्यापलीकडून तिने म्हाळसाला हाक मारली तोच अक्काबाईने हातातला पितळी तांब्या तिच्यावर भिरकावला. कपाळावर खोक पडली. रक्त भुवईवरून खाली आलं, ते तिने पदराने दाबून धरलं आणि जागची हलली नाही.

"म्हाळसावहिनी, तिचे डोळे उघडून बघा," ती म्हणाली. "गोवरात पोटात काही नसलं की डोळे जातात. आणि तिला खायला घाला. तेल, मीठ, सगळं घाला. मला मारा हवं तर, पण तिला खायला घाला."

अक्काबाई काठी घेऊन उतरली तेव्हा कुठे ती गेली.

म्हाळसाने आत येऊन छकुलीच्या चिकटलेल्या पापण्या ओल्या फडक्याने सोडवल्या. डावं बुबुळ काळंभोर होतं. उजव्यावर साय धरल्यासारखी पांढरट झाक होती. तिने डोळ्यासमोर बोट नाचवलं, ती पापणी लवली नाही. आणि मग म्हाळसाला इतका संताप आला, की आपण कोणाला भीत होतो तेच तिला आठवेना.

तिने चूल पेटवली, भर दुपारी, दार सताड उघडं ठेवून. तांदूळ-मूग शिजत लावले. माळ्यावरचा डबा काढला, कढईत तेल चांगलं सढळ हाताने ओतलं आणि मोहरी टाकली. त्या घरात कितीतरी दिवसांनी फोडणी तडतडली. अक्काबाई धावत आत आली, बघते तर सून चुलीपुढे. तिने छाती बडवून घेतली आणि लेकाच्या नावाने हाका सुरू केल्या. मानसिंग उसाला पाणी देत होता, तो चिखलाच्या पायांनीच आला.

त्याने काही विचारलं नाही. म्हाळसाचा अंबाडा मुठीत धरून तिला चुलीपासून ओढली, उंबऱ्यावर आपटली आणि कमरेत लाथ घातली. दुसऱ्या लाथेला तिच्या तोंडात रक्त आलं. तिसरी लाथ भाताच्या भांड्याला घालायला तो वळला, आणि तिथे चुकला. म्हाळसा गुडघ्यावर सरकत चुलीपाशी गेली, तिने कढईतली पळी तेलाने भरून उचलली आणि तेल त्याच्यावर फेकलं.

मान, खांदा, उजवा हात. कातडी लगेच वर आली. मानसिंगसारखा गडी गुरासारखा ओरडला आणि भिंतीला धडकून खाली बसला. अक्काबाईच्या हाका एकदम थांबल्या.

म्हाळसाने दुसरी पळी भरून घेतली आणि छकुलीच्या आणि त्याच्या मधे उभी राहिली.

"काकींनी न्हाय दिली," ती म्हणाली. "मी वाटी पुढं केली हुती. मी मागितली. तुमी गळा धरला म्हनून मी त्यांचं नाव घेतलं. तुमाला पाजलेल्या बाईचा हात तुमी माझ्या खोट्यावर मोडला. आता मला मारायचं तर या फुडं."

मानसिंग पुढे आला नाही. तो तिच्याकडे बघत राहिला, भाजलेल्या हाताकडेही त्याचं लक्ष नव्हतं. म्हाळसाने फोडणी भातावर ओतली, मीठ घातलं आणि पाठ त्याच्याकडे न करता पोरीला मांडीवर घेतलं. पहिला घास छकुलीच्या ओठांतून बाहेर आला. दुसरा तिने गिळला. मग म्हाळसा एका हाताने भरवत राहिली आणि दुसऱ्या हातातली पळी तिने शेवटपर्यंत खाली ठेवली नाही.

पोरीच्या पोटात काहीतरी गेल्यावर तिने तिला पदरात गुंडाळलं आणि रस्त्यावर येऊन दुधाचा टेम्पो अडवला. मागोमाग मानसिंग आला, हाताला ओलं फडकं लावून. टेम्पोवाल्याने त्याच्या मानेकडे पाहिलं आणि गाडी थेट बारामतीला घेतली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीला औषधाचे थेंब पाजले, सलाईन लावलं. जीव वाचेल म्हणाले. डावा डोळा वाचेल. उजवा गेला, त्याला आता इलाज नाही. मानसिंगने ते ऐकलं आणि पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा विचारलं. डॉक्टरांनी तिन्ही वेळा तेच सांगितलं.

सलाईन संपल्यावर ते पोरीला घेऊन बायकांच्या खोलीत गेले. तिथे दगडाबाई खाटेवर बसली होती, उजवा हात प्लॅस्टरमध्ये, डोक्याला पट्टी. मानसिंग तिच्या खाटेपाशी जाऊन खाली बसला. म्हातारीने त्याच्या भाजलेल्या मानेकडे पाहिलं, मग म्हाळसाच्या खांद्यावरच्या पोरीकडे. त्या डोळ्याकडे ती बराच वेळ बघत होती. मग तिने डाव्या हाताने मानसिंगच्या थोबाडीत मारली. खोलीतल्या सगळ्या बायका उठून बसल्या. त्याने मान वर केली नाही, तिने आणखी एक मारली.

म्हाळसा पुढे झाली. तिचा ओठ सुजला होता, बोलताना दुखत होतं.

"काकी, मलाबी मारा. तुमचं नाव मी घेतलं."

कोणाला वाटेल दगडाबाईने तिला जवळ घेतलं असेल. म्हाळसालाही मनातून तसंच वाटलं होतं. पण म्हातारीने तिलाही मारली, आणि तो फटका मानसिंगच्या दोन्हींपेक्षा जोरात होता. म्हाळसाच्या ओठातून पुन्हा रक्त आलं. ती तिथेच हमसून हमसून रडायला लागली, आणि इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदाच जरा मोकळं वाटलं.

दगडाबाईने तिच्या खांद्यावरून छकुलीला एका हाताने ओढून आपल्या मांडीवर घेतलं आणि विचारलं, सकाळपासून पोरीनं काय खाल्लंय.