बेचाळीस किलोंची अट

इतवारीच्या धान्यबाजारात रुपराव मापाऱ्याचा शब्द म्हणजे काट्याचा शब्द. पोतं नुसतं उचलून पाहिलं तरी तो वजन सांगायचा आणि काट्यावर चढवल्यावर फार तर अर्ध्या किलोचा फरक निघायचा. पाणी मारून जड केलेली मिरची त्याच्यापुढे आणायची व्यापाऱ्यांची छाती होत नसे. अशा माणसाला स्वतःच्या बायकोचं वजन कळू नये, याला मूर्खपणाच म्हणायचा. पण इतवारीतला दुसरा कुठलाही मापारी त्याच्या जागी असता, तर त्यानेही तोच मूर्खपणा केला असता.

त्याची बायको गोपिका एके काळी एकशे अठरा किलोची होती. ती दोघं राहायची त्या हुडकेश्वरहून शहरात यायचं तर सायकलरिक्षावाले तिला पाहून तोंड फिरवायचे. माहेरी खाप्याला सख्ख्या भावाच्या लग्नात ती पंगतीला बसली, तेव्हा वाढणाऱ्याने सगळ्यांच्या देखत हाक दिली, "या बाईले पत्रावळ नाही पुरत गा, परात आन!" अख्खी पंगत हसली. गोपिकाही हसली, पुरणपोळी मागून घेऊन जेवली, आणि घरी येऊन रडरड रडली.

त्यात साखरेचा आजार झाला, गुडघे कामातून गेले. विलायतेत दहा वर्षं काढून आलेल्या एका सर्जनने शहरात खाजगी दवाखाना काढला होता. तो म्हणाला, आतड्याचा मोठा भाग बाजूला ठेवून वरचं टोक खालच्या टोकाला जोडून देतो; खाल्लेलं अंगी लागणार नाही, वजन आपोआप उतरेल. नाही केलं तर बाई पंचेचाळिशी पाहणार नाहीत. नवरा-बायको दोघंही घाबरले आणि हो म्हणाले.

वजन उतरलं. उतरलं म्हणजे काय, घसरलंच! दर रविवारी, बाजार बंद असताना, रुपराव तिला पोत्यांच्या लोखंडी काट्यावर उभं करायचा. मापारी मोजताना 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. पहिला किलो कमी झाला तेव्हा रुपरावचा जोडीदार चंपतराव ओरडला, "लाभ!" पुढच्या खेपेला सगळे हमाल एका सुरात म्हणाले, "दोन! तीन!" टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात गोपिकेसाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. खाप्याच्या पुढच्या लग्नात तर लोकांनी तिला ओळखलंच नाही, आणि त्या न ओळखण्याने ती इतकी हरखली की परतीच्या एसटीत रुपरावच्या खांद्यावर डोकं ठेवून गाणं गुणगुणत आली.

साठ किलोंवर डॉक्टर म्हणाले, आता पुरे, आता नीट जेवा. गोपिकेने मान डोलावली आणि जेवण आणखी कमी केलं. पोळीचा चतकोर, मग त्याचाही चतकोर. घास तोंडात घोळवायची आणि मोरीत जाऊन थुंकून यायची. रुपराव रागावला, हाता-पाया पडला, दोनदा तर ताट भिरकावून दिलं आणि मग स्वतःच पोळ्या वेचत बसला. त्र्याऐंशी सालच्या आषाढात काटा अडतीसवर आला, तेव्हा मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"आतडं मला कळतं, रुपराव," डॉक्टर म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "ही खाण्याची भीती कुठे बसलेली असते, ते मला कोणी शिकवलं नाही." त्यांनी मनाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. त्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळ्या घेऊन गोपिका जेवणाच्या वेळीही झोपू लागली, म्हणजे तिचं आणखीच फावलं.

मग सर्जन डॉक्टरांनी गोपिकेला सांगितलं, वजन आणखी घटलं तर भरती करून नाकातून नळी घालावी लागेल. तिला बाहेर पाठवल्यावर रुपरावला सांगितलं ते वेगळंच होतं. "आतडं पुन्हा पहिल्यासारखं जोडून देतो. पण बेचाळीस किलोंच्या खाली मी भूल देणार नाही. टेबलावरून उठणार नाहीत त्या. बेचाळीस करून आणा." दवाखान्यातल्या नर्स शामलाबाईंनी थोडं थोडं सहा वेळा भरवायला सांगितलं, दर रविवारी वजन लिहून आणायला सांगितलं. डॉक्टर हसून म्हणाले, "काटा तुमचाच वापरा. तुमच्या काट्यापुढे आमचा काय टिकणार?"

आतडं जोडण्याचं रुपरावने गोपिकेला सांगितलं नाही. आधी बेचाळीस होऊ दे, मग पाहू, असा त्याने विचार केला.

चंपतरावावर काम टाकून तो दुपारचा घरी येऊ लागला. मुगाचं वरण, भाताची पेज, आंबट नसलेलं ताक, सगळं स्वतः करायचा आणि वाटी घेऊन समोर बसायचा. ती म्हणायची, "तुमी बसून राहिले का मले घास जात नाही. मी खातो ना, जा तुमी." तो उठून अंगणात जायचा. वाटी रिकामी झालेली दिसायची. मागच्या दारी कुत्री का जमतात, हे त्याने पाहिलं नाही असं नाही. पण पहिल्या रविवारी काटा एकोणचाळीस म्हणाला, दुसऱ्या रविवारी साडेचाळीस. तिची गळ्याची हाडं दिसत होती, बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. तरी काटा बोलला की इतवारीत डोळ्यांचं कोणी ऐकत नाही. तिसऱ्या रविवारी काटा बेचाळीसवर ठरला आणि रुपराव काट्यापाशीच मटकन बसून ढसाढसा रडला. चंपतराव म्हणाला, "अबे, रडतो काहून? वाढलं ना!" गोपिका दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून उभी होती. ती हसली आणि हळूहळू काट्यावरून उतरली.

सोमवारी सकाळी ती नळाजवळ चक्कर येऊन पडली. रुपराव धावला, तिला दोन्ही हातांवर उचललं, आणि जागच्या जागी थांबला. त्याचे हात आयुष्यभर खोटं बोलले नव्हते. हात म्हणत होते, पस्तीस.

तिला खाटेवर निजवून तो घरात शोधत सुटला. तुरीच्या डाळीच्या पिंपात, डाळीखाली, त्याच्या बापाच्या वेळची तागडीची वजनं सापडली. एक पाच किलोचं, एक दोन किलोचं, आणि कंबरेला बांधायची जुन्या लुगड्याची पट्टी. जगभरच्या व्यापाऱ्यांची लबाडी पकडणारा माणूस, आणि त्याच्याच घरात त्याच्याच बापाची वजनं! त्याला राग यायला हवा होता. आला नाही. वजनं उचलून तो खाटेपाशी येऊन बसला.

"काहून केलं वं असं?"

गोपिकेने डोळे उघडले. वजनं त्याच्या मांडीवर पाहून तिने मान वळवली नाही.

"वजन वाढलं का तुमी किती हसत होते, अजी. आन मले नळी नोको होती."

"मंग जेवाव ना वं दोन घास! भूक नाही लागत काय तुले?"

"लागते ना. रातदिस लागते. पन घास तोंडाशी आला का ते परातवाली बाई समोर येऊन बसते. मी एक घास खाल्ला का ते दहा खाईन. मले तिची लई भीती वाटते."

मग त्याच्याने राहवलं नाही. डॉक्टर आतडं जोडणार आहेत, सगळं पहिल्यासारखं होईल, हे त्याने तिला सांगून टाकलं. तिला धीर यावा म्हणून सांगितलं, बरं का. ती खाटेवरून उठली आणि तिने त्याचे पाय धरले.

"जोडू नोका. मारून टाका मले, पन जोडू नोका. ते परत येईन."

पायांवरची तिची बोटं काडीसारखी होती. ती सोडवून घेताना एखादं मोडेल असं त्याला वाटलं.

मंगळवारी दवाखान्यात डॉक्टरांनी चिठ्ठीवरचा बेचाळीसचा आकडा वाचला आणि खुश होऊन म्हणाले, शुक्रवारी करून टाकू. गोपिका खुर्चीत बसून रुपरावकडे पाहत होती. बोललात तर नळी, नाही बोललात तर चिरफाड. काय कराल ते करा, असं ते पाहणं होतं. रुपरावने टोपी काढून हातात घेतली.

"साहेब, ते वजन खोटं हाये. पस्तीस हाये ते."

शामलाबाईंनी गोपिकेला काट्यावर उभं केलं. पस्तीस भरलं. डॉक्टरांनी भरतीचा कागद ओढला.

नळी घातली. चौथ्या दिवशी गोपिकेने ती उपसून काढली, पुन्हा घातली तेव्हा नाकातून रक्त आलं, आणि डॉक्टरांनी हात टेकले. तोंडाने जेवढं जाईल तेवढं घालून पाहा, म्हणाले. आठ दिवस ती रुपरावशी बोलली नव्हती. शामलाबाई रोज सकाळी वजन करायच्या, गोपिकेला पाठमोरी उभी करून, म्हणजे तिला आकडा दिसू नये, आणि कागदावर लिहून रुपरावच्या हाती द्यायच्या. नवव्या दिवशी गोपिकेने तोंड उघडलं ते विचारायलाच.

"किती?"

"छत्तीस," रुपराव आनंदाने म्हणाला. "एका किलोनं वाढलं!"

गोपिकेच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते कसलं पाणी, हे कळायला त्याला जरा वेळ लागला. घरात कोणी गेलं म्हणजे बायका तशा रडतात. तिने भिंतीकडे तोंड केलं, आणि त्या दिवशी पेजेचा एक चमचाही आत गेला नाही.

दुसऱ्या दिवशी कागदावर पुन्हा छत्तीस होतं. ती भिंतीकडेच तोंड करून म्हणाली, "किती?" रुपरावने कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

"पस्तीस," तो म्हणाला.

उभ्या जन्मात त्याने सांगितलेलं हे पहिलं खोटं वजन. गोपिका वळली. त्याने चमचा पुढे केला, तिने तोंड उघडलं, आणि चार चमचे पेज तिने गिळली. थुंकली नाही. रुपरावला बाहेर व्हरांड्यात जाऊन खांबाला टेकून उभं राहावं लागलं.

मग त्याने तेच धरलं. कागदावर साडेछत्तीस आलं, त्याने साडेपस्तीस सांगितलं. सदतीस आलं, त्याने पस्तीस सांगितलं. सहा चमचे, आठ चमचे, एकदा अर्धी वाटी. शामलाबाईंना हे समजलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, "आणि पुढं काय, भाऊ? बेचाळीस झाल्यावर काय सांगाल?" रुपराव वाटी विसळायला निघून गेला. पण रात्री चंपतराव भेटायला आला तेव्हा रुपराव पहिल्यांदाच पोटभर जेवला आणि म्हणाला, "पाच किलो राह्यले गा. पाचच."

पुढच्या आठवड्यात तिला जुलाब सुरू झाले. उरलेल्या तोकड्या आतड्याला पेजेचं काय कौतुक! जे तोंडातून जात होतं ते तसंच बाहेर पडत होतं. सलाइन लावली, औषधं बदलली. डॉक्टर दिवसातून तीनदा येऊन पाहून जात. ती मात्र रोज विचारत राहिली आणि रुपराव रोज कमी करून चौतीसच सांगत राहिला.

गुरुवारी सकाळी शामलाबाईंनी कागद दिला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. कागदावर तेहतीस लिहिलं होतं. रुपरावने तो आकडा तीनदा वाचला. आत गोपिका उशीला टेकून बसली होती आणि त्याची वाट पाहत होती.

"किती?"

"तेहतीस," रुपराव म्हणाला. आज त्यात काहीच कमी करायचं नव्हतं.

गोपिकेचा चेहरा उजळला. तिने त्याचा हात हातात घेतला, पेजेच्या वाटीकडे बोट दाखवलं आणि स्वतः होऊन म्हणाली, "द्या मंग. आज दोन चमचे जास्त खातो." रुपराव तिला भरवू लागला.