समुद्रासाठी काढलेले तांदूळ

पाचवीच्या मुलांना आपल्या बेटाचा नकाशा शिकवायचा तर मी तो जमिनीवर काढते. वर्गातली बाकं बाजूला सारायची, खडूने थेंबासारखा मोठा आकार काढायचा, भोवती निळ्या खडूने पाणी भरायचं. मग मुलांना मधोमध, आपला डोंगर असतो तिथे, उभं करायचं आणि सांगायचं, आता हवं तिकडे चाला. मुलं चारी दिशांना चालतात आणि हसतात, कारण कुठेही गेलं तरी शेवटी तळवे निळे होतात.

त्या वर्षी योगराणी हसली नाही. ती आपल्या निळ्या तळव्यांकडे बघत राहिली आणि तिने मला विचारलं, "टीचर, कुठूनही चाललं तरी समुद्र लागतो, तर आमची आच्ची रोज एवढी चालते, तिला कसा नाही लागला?"

तिची आच्ची म्हणजे आजी, मरुदायी. साठीला टेकलेली, आमच्या मळ्यात सगळ्यात जुनी चहा खुडणारी. दुसऱ्या दिवशी पाठीवरची पानांची पिशवी न उतरवता ती शाळेच्या दारात उभी राहिली. नात खरं बोलते का, हे तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी म्हटलं, खरं आहे, कुठूनही निघालं तरी लागतो.

"मग आम्ही इतकी वर्षं काय गोल गोल फिरत होतो?" ती म्हणाली.

मुलांच्या प्रश्नांना थांबून उत्तर द्यायची मला सवय आहे, पण हा प्रश्न मुलांचा नव्हता. मरुदायी या बेटावर जन्मली, तिची आईही इथेच जन्मली. दोघींनी बघितलं ते एवढंच, वर धुकं आणि खाली चहा.

अशी समुद्र बघायची सहल ठरली. आमच्या लाइनीतल्या, म्हणजे मळ्यातल्या खोल्यांच्या रांगेतल्या, बायका आजवर गावाबाहेर गेल्या त्या लग्नाला, मयताला, नाहीतर मुरुगनच्या जत्रेला. नुसतं बघायला जायचं, मजेसाठी जायचं, हे कोणाला माहीतच नव्हतं. म्हणून त्यांनी ते त्यांना येत होतं त्या रीतीने सुरू केलं. रोज सकाळी भाताला तांदूळ घेताना प्रत्येकीने एक मूठ बाजूला काढायची. आमच्याकडे देवळाच्या रथासाठी अशी मूठ काढतात. काढताना बाई कशासाठी ते मनात बोलते, आणि एकदा बोललं की ते तांदूळ दुसऱ्या कशाला लावत नाहीत. घरात उपास पडला तरी नाही. शाळेच्या कोठीत एक निळं पिंप ठेवलं, आणि शनिवारी बायका आपापल्या मुठी त्यात ओतू लागल्या. पहिल्यांदा ओतताना मरुदायी मोठ्याने म्हणाली, "समुद्राचे." सगळ्या हसल्या. पुढे सगळ्याच तसं म्हणू लागल्या.

बेत वाढत गेला. चिंचभात करायचा, कारण तो दिवसभर टिकतो. साडी कुठली नेसायची यावर भांडणं झाली. पुष्पराणी नावाची लाइनीतली एक तरणी सून म्हणाली, खाऱ्या वाऱ्याने माणूस काळं पडतं म्हणे. मरुदायी म्हणाली, "पड बाई. आपल्यात अजून जागा कुठे आहे ती बघूया."

दिवस श्रावणातल्या पोयाचा ठरला. पौर्णिमेची सुट्टी देशभर असते, शिवाय तेव्हा कोरड्या वाऱ्याने पान कमी येतं, त्यामुळे साहेबही कुरकुर करत नाही. पण कोणता समुद्र? मी एका परातीत पाणी घेतलं, मधे दगड ठेवला आणि मुलांना एका बाजूने फुंकायला सांगितलं. फुंकलं त्या बाजूला लाटा उठल्या, दगडाच्या मागे पाणी निवांत राहिलं. त्या दिवसांत वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून आम्ही पूर्वेला पोत्तुविलला जायचं. तिथे मुलांना गुडघाभर पाण्यात उभं करता आलं असतं. बायका परातीभोवती वाकून बघत होत्या. मरुदायीने दगडामागच्या पाण्यात बोट बुडवलं आणि म्हणाली, "इथे."

बस देतो म्हणाला तलैवर. तलैवर म्हणजे आमच्या मळ्यातला संघटनेचा पुढारी, वेलुच्चामी. बायकांच्या पगारातून दर महिन्याला संघटनेची वर्गणी जाते, त्यामुळे ही काही मेहेरबानी नव्हती. तरी बायकांनी त्याला हार घातला. तो मीच ओवून घेतला होता, मुलींकडून.

पोयाला आठवडा उरला तेव्हा तलैवर सकाळच्या हजेरीला मैदानात आला. मागे दोन पोरगे, त्यांच्या खांद्यावर झेंड्यांचा गठ्ठा आणि टोप्यांचं पोतं. बस राजधानीला जाणार, तो म्हणाला. तिथे संघटनेची मोठी सभा आहे आणि प्रत्येक मळ्याने माणसं आणायची आहेत. पुरुषांशी आधीच बोलणं झालंय. शिवाय तांदूळ जमलेच आहेत, तर बायकांनी सगळ्या सभेकऱ्यांसाठी भाताच्या पुड्या बांधाव्यात.

हे तो अशा आवाजात सांगत होता की जणू पाऊस पडणार आहे, छत्री घ्या.

मरुदायीने विचारलं, "आणि समुद्र?"

"अक्का, समुद्र कुठे पळून चाललाय? तिकडे पण समुद्रच आहे, मैदानाला लागून. सभा झाली की बघा पोटभर."

"सभा कधी संपते?"

"मोठी माणसं आहेत. बोलतील तेवढं बोलतील."

"म्हणजे अंधारात."

"मग येताजाता बघा. बसच्या खिडकीतून दिसतो की चांगला."

"खिडकीतून तिरडी बघतात, तलैवर. समुद्र नाही."

मागे कोणीतरी हसलं, आणि तलैवरचा चेहरा बदलला. तो म्हणाला, मूठभर तांदळाचा एवढा तोरा कशाला. मरुदायी पुढे आली. तिचा आवाज चढला नाही, पण मैदानातल्या शेवटच्या बाईला ऐकू गेला.

"तुझ्या आईने रथासाठी काढलेले तांदूळ तुझ्या बापाने दारूच्या गुत्त्यात दिले होते, आठवतं? ती चूल पेटवेना. तू रडत कुणाच्या दारात आलास? मीच जेवायला घातलं होतं तुला. तेव्हा मला अहोजाहो करत नव्हतास आणि मीही नव्हते करत. मुठीचे तांदूळ कोण खातं ते तुला नव्याने सांगायला नको."

त्याने मान वळवली. मग तो म्हणाला ते वाक्य मी विसरलेले नाही. "बस माझी आहे. यायचं तर माझ्याबरोबर या, नाहीतर बसा डोंगरावर. आजवर बसलातच."

जाताना त्याने झेंडे शाळेच्या कोठीत ठेवायला लावले, कारण तिथे ओल येत नाही. पोरग्यांनी गठ्ठा नेमका तांदळाच्या पिंपावर टाकला.

मी मुलांना सांगते, राग आला की आधी पाणी प्या, मग बोला. त्या दिवशी मी पाणी प्यायले, तरी राग तिथेच होता. मला राग आला तो त्याच्या लबाडीपेक्षा त्या शेवटच्या दोन शब्दांचा. आजवर बसलातच. जणू या बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलेल्या असतात.

संध्याकाळी लाइनीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. पुरुषांना महिनाभर आधीपासून सगळं ठाऊक होतं. मरुदायीचा मुलगा पेरुमाळ, योगराणीचा बाप, त्यालाही. बायका मुठी ओतत होत्या, साड्यांवर भांडत होत्या, आणि हे सगळे ऐकून घेत होते. पेरुमाळ जेवायला बसला तेव्हा मरुदायीने त्याच्या ताटात संघटनेची टोपी वाढली.

"खा. तुझ्या तलैवरने दिलीय."

तो म्हणाला, अम्मा, मी सांगणार होतो. ती म्हणाली, "पोरीला सांग. तिने पायाला निळा खडू लावून ठेवलाय, तो पुसू की राहू दे ते विचार."

त्याने विचारलं नाही. योगराणी दाराशी उभी राहून बापाकडे बघत राहिली, आणि तो ताट सारून बाहेर गेला.

मग बायका माझ्याकडे आल्या. भांडणाला नव्हे, रस्ता विचारायला. पोत्तुविलला साधी लाल बस जाते का, कुठे बदलावी लागते, पोयाला गर्दी किती असते. मी पुन्हा जमिनीवर खडूने काढून दाखवलं. नाक्यावरून डावीकडे गेलं की राजधानीचा रस्ता, उजवीकडे घाट उतरला की मोणरागल, तिथे बस बदलायची. मरुदायीने तो रस्ता दोनदा पायाने चालून पाठ केला. जाताना तिने कोठीची किल्ली मागितली. पिंपाबरोबर दुसरंही काही आत आहे, हे मला माहीत होतं. मी किल्ली दिली.

पोयाच्या सकाळी उजाडता उजाडता आम्ही नाक्यावर उभ्या होतो. बायका, मुलं आणि चिंचभाताची पातेली. पातेली लाल कापडात गच्च बांधली होती. कापड नवं, जाड आणि भरपूर होतं. मी काही विचारलं नाही.

पहिली बस भरून आली आणि थांबलीच नाही. पुष्पराणी रडवेली झाली, कोणी म्हणालं परत जाऊया. मरुदायी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. दुसरी बस आली ती तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. कंडक्टर सिंहली, पण आमची भाषा बोलणारा. तो चिडून म्हणाला, म्हातारे, मरायचंय का, आणि एवढी पातेली घेऊन कुठल्या लग्नाला निघालात?

"लग्नाला नाही. भांडायला."

"कोणाशी?"

"समुद्राशी. सरक."

तो हसला आणि सरकला. बस सुटताना वरून तलैवरची गाडी नाक्याकडे येताना दिसली. खिडक्यांत थोडे पुरुष होते. पेरुमाळ त्यात नव्हता. तो नाक्याच्या खांबाला टेकून उभा होता आणि त्याने नुसता हात केला. योगराणीने केला, मरुदायीने नाही.

पोत्तुविलला दुपार झाली. गल्ली संपली, वाळू आली आणि पुढे एकदम काहीच उरलं नाही, फक्त पाणी. मुलं धावली. बायका साड्या उचलून थबकल्या. मरुदायी मात्र थांबली नाही. ती घोट्यापर्यंत पाण्यात गेली, कमरेवर हात ठेवले आणि सुरू झाली.

"इथे होतीस होय गं? सगळे तुला अम्मा म्हणतात, कडलम्मा. एवढ्याशा देशात राहून एकदा तोंड दाखवता आलं नाही तुला? माझी आई गेली तुला न बघता. गुडघे गेले माझे."

लाट आली आणि तिला कमरेपर्यंत भिजवून गेली. बायका दचकल्या. मरुदायी तोल सावरून तशीच उभी राहिली. "हां," ती म्हणाली, "आता लाडात येऊ नकोस." आणि आणखी एक पाऊल आत गेली.

आम्ही चिंचभात वाळूत बसून खाल्ला. मुलं थरथरत बाहेर यायला लागली तेव्हा लक्षात आलं, पुसायला कोणी काहीच आणलेलं नाही. बेत करताना सगळं आठवलं होतं, एवढं सोडून. मरुदायीने पातेल्यांवरची कापडं सोडली, झटकली आणि एकेका मुलाला त्यात गुंडाळून खसखसून पुसलं. पाठीवर संघटनेचा पंजा, पोटावर संघटनेचं नाव. मुलं त्यात गुरफटून वाळूत लोळली.

चार दिवसांनी तलैवर शाळेत आला. सभेला आमच्या मळ्याची माणसंही कमी पडली होती आणि झेंडेही. तो माझ्याकडे बघून ओरडू लागला, मुलांसमोर. मी त्याला बोलू दिलं. तेवढ्यात मरुदायी आली, कामावरून, पाठीवर पिशवी आणि हातात गठ्ठा. सगळे झेंडे धुतलेले, उन्हात वाळवलेले, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातलेले. तिने तो गठ्ठा त्याच्या हातात दिला.

त्याने वरचा उचलून नाकाला लावला. धुऊनही खारा वास गेला नव्हता.

"नीट जपून ठेव, वेलु," ती म्हणाली. "तुझ्याआधी ते समुद्र बघून आलेत."