मागवाल्याचे कान

तीस वर्षं मागांच्या शेडमध्ये काढल्यावर माणसाचे कान शाबूत राहत नाहीत, हे तिथल्या कुत्र्यालाही ठाऊक असतं. पण कायद्याला कागद लागतो. कान तपासायच्या मशीनवर विणकराचा कागद झालाही होता. दोन्ही कान कामातून गेलेले. नोकरी तर त्याआधीच गेली होती, कारण मागून आलेली मालाची गाडी त्याला ऐकू आली नाही आणि पाय थोडक्यात वाचला. आता उरली होती बोर्डाच्या डॉक्टरसमोरची तपासणी. तिथं मंजुरी मिळाली तर अपंगत्वाची पेन्शन, नाहीतर गिरणीची खोली सोडून लेकीच्या सासरी तोंड वर करून जायचं. त्यापेक्षा विहीर जवळ केलेली बरी, असं विणकराची बायको म्हणायची.

शेडची एक गोष्ट मात्र सांगायला हवी. शंभर माग एकदम धडाडायला लागले की तोंडातला शब्द तोंडातच मरतो. म्हणून तिथं कुणी आवाज काढतच नाही. नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं ते वाचायचे. शिव्या, चहाड्या, दुखणीखुपणी, सगळं ओठांवर. या दोघांचं लग्नसुद्धा तसंच जमलं. ती पलीकडच्या रांगेत बॉबिन भरायची आणि यानं सहा मागांवरून तिला विचारलं होतं. मुकादमाला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

त्यामुळे घरून निघताना तिनं त्याला दहादा बजावलं, की डॉक्टरच्या तोंडाकडे बघू नका, जमिनीकडे बघा. तो चिडला. ढोंग करणार नाही म्हणाला. अहो, कान खरेच गेलेत, मग ढोंग कसलं, असं सांगून सांगून ती थकली. साहेब बोलत असताना मान खाली घालून बसणं त्या भल्या माणसाला उद्धटपणाचं वाटत होतं.

बोर्डाच्या कचेरीत तिला बाहेर बसवलं. दाराला काच होती, आतले दोघंही बाजूनं दिसत होते. डॉक्टरनं नाव विचारलं, यानं सांगितलं. वय विचारलं, तेही सांगितलं. मग डॉक्टर कुजबुजायला लागला असावा, कारण शेजारचा कारकून ऐकायला पुढे झुकला. आणि हा शहाणा पटापट उत्तरं देतोय!

तिला राहवलं नाही. ती काचेपाशी गेली, हात हलवला आणि ओठांनीच म्हणाली, "खाली बघा."

त्यानं ते वाचलं आणि मुकाट्यानं मान खाली घातली. डॉक्टरनं वळून पाहिलं, तर काचेला चिकटलेली बाई. तो कारकुनाला काय म्हणाला ते तिनं बाहेरूनच वाचलं: "शिकवून आणलेलं सोंग आहे. नामंजूर लिहा."

ती दार ढकलून आत शिरली. हात जोडून शेड, माग, ओठ सगळं सांगितलं. साहेब, आत्ता तुम्ही काय बोललात तेसुद्धा सांगते, म्हणून तिनं शब्दन् शब्द म्हणून दाखवला. डॉक्टर चपापला. मशीनचा कागद त्यानं पुन्हा उघडला आणि बराच वेळ वाचत राहिला. देव पावला, असं तिला वाटलं.

मग त्यानं विणकराकडे बघून अगदी सभ्यपणे विचारलं, "म्हणजे कानांवाचून तुमचं सगळं नीट चालतं तर?"

ती नवऱ्याच्या मागे उभी होती. तिनं त्याचा खांदा दाबला, जोरात दाबला. पण त्याचे डोळे साहेबाच्या तोंडावर होते. आणि कुठल्याही साहेबासमोर रडगाणं गायला तो आयुष्यात शिकलाच नव्हता.

"चालतं साहेब," तो म्हणाला. "काही अडत नाही."

कारकुनानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. विणकरानं जपून, वळणदार सही केली. मग वळला, तर बायको रडत होती. काय झालं म्हणून तो तिच्या ओठांकडे बघत उभा राहिला.