उजवीकडचा डोंगर

मित्रांनो, शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली जे पिवळं धूड दिसतं आहे ना, ते मी. बर्फावर धावणारी गाडी, म्हणजे स्नोमोबाइल. वयाने जुनी, आवाजाने खणखणीत आणि स्वभावाने जरा हट्टी. चाक मला एकही नाही. पुढे दोन लांब पट्ट्या आहेत, मागे रबराचा फिरता पट्टा आहे, आणि तेवढ्यावर माझं छान चाललं आहे.

माझा जन्म कॅनडातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या बहिणींना आसपासच्या गावांतच घरं मिळाली. मला मात्र लाकडी खोक्यात घालून जहाजावर चढवलं. खोकं उघडलं तेव्हा समोर कांगारूचं चित्र असलेली पाटी होती. माझा पत्ता चुकला असंच मला वाटलं. ऑस्ट्रेलियातही बर्फ पडतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. पण व्हिक्टोरियातल्या उंच डोंगरांवर तो चांगला पडतो, आणि तिथेच वेंडी नावाच्या बाईंचं एक लहानसं लॉज आहे.

वेंडीने मला फार मायेने वापरलं. लोकांच्या मोटारी खाली कार पार्कमध्ये राहतात आणि तिथून लॉजपर्यंत फक्त बर्फाची वाट. पाहुणे, त्यांच्या बॅगा, दूध, बटाटे, सगळं मीच वाहून आणलं. मुलं माझ्यावर बसून फोटो काढायची. पुढे शेजारच्या लॉजमध्ये चकचकीत नव्या गाड्या आल्या आणि फोटो तिकडे गेले. उन्हाळ्यात तर माझ्याकडे कोणी फिरकतही नाही. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, त्यातला प्रकार. एका उन्हाळ्यात उंदरांनी माझ्या सीटमधला स्पंज नेऊन संसार थाटला.

आता माझी एक खोड सांगते. कार पार्क आणि लॉजच्या मध्ये एक जागा अशी आहे, जिथे वारा बर्फ आणून टाकतो आणि वाटेचा नुसता उतार करून ठेवतो. तिथे पाहुणे उतरतात आणि वरच्या बाजूने, खुणेच्या काठ्या धरून चालत जातात. चालक एकटाच मला उतारावरून आडवी पलीकडे नेतो. अशा उतारावर मी सपाट राहिले तर खाली घसरते. म्हणून चालकाने उभं राहून अंगाचा भार डोंगराच्या बाजूला टाकायचा असतो. मग मी त्या बाजूला कलते, माझी कड बर्फात रुतते आणि मी घसरत नाही. हे चाललेलं असताना एक्सलरेटर अगदी बेताने, एकसारखा द्यावा लागतो.

आणि तो एक्सलरेटर माझ्या उजव्या मुठीपाशी आहे, अंगठ्याने दाबायचा. डोंगर डावीकडे असला की चालक डावीकडे झुकतो, त्याचा उजवा हात मोकळा लांब होतो आणि अंगठा सुखाने काम करतो. डोंगर उजवीकडे आला की सगळा भार त्याच हातावर येतो, कोपर दुमडतं, मनगट मुडपतं आणि अंगठ्याला धड काही सुचत नाही. जास्त दाबला की मी उसळते, कमी दाबला की बसते. म्हणून बहुतेकांना डोंगर डावीकडे असलेला आवडतो. आमचा मेकॅनिक शॉन इतका तयार चालक, पण डोंगर उजवीकडे आला की त्याचीसुद्धा शीळ बंद होते.

लॉजकडे येताना डोंगर डावीकडे असतो. परत जाताना उजवीकडे.

गेल्या हिवाळ्यात वेंडीचा गुडघा गेला. ऑपरेशन करायला हवं होतं, पण लॉज कोणाच्या भरवशावर सोडणार? शॉनला दुसऱ्या डोंगरावर नोकरी लागली होती. तेव्हा यामिनी आली. मूळची पुण्याची, आता मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली भागात राहणारी. ऑफिसच्या खुर्चीला कंटाळून एका हिवाळ्यापुरती मॅनेजर म्हणून आली आणि इथली होऊन गेली. सकाळी मला पुसताना ती माझ्याशी मराठीत बोलायची. मला आधी काही कळायचं नाही, पण आवडायचं.

येताना ती मला लोण्यातून सुरी न्यावी तशी आणायची. जाताना मात्र दर वेळी अर्ध्यावर आम्ही दोघी आडव्या. मऊ बर्फ, म्हणून हाडं शाबूत राहिली. माझी पुढची काच तेवढी गेली.

शॉन एकदा हसत म्हणाला, "यू आर अ ग्रेट होस्ट, मेट. पाहुणे आणतेस, पण परत सोडत नाहीस."

यामिनी हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कारण वेंडीने स्पष्ट सांगितलं होतं. शॉन शनिवारी जाणार. तोपर्यंत यामिनीला मला दोन्ही बाजूंनी नेता आलं नाही, तर शाळेच्या सुट्ट्यांची बुकिंग रद्द होतील आणि लॉज विकायला काढलं जाईल. माझं काय होईल हे कोणी बोललं नाही. ते मला न बोलताच कळलं.

शुक्रवारी दुपारी यामिनीचा नवरा सिद्धार्थ मेलबर्नहून आला. तो वर काठ्यांपाशी उभा राहून बघत होता. आम्ही पुन्हा आडव्या झालो. तो धावत खाली आला, तिच्या टोपीवरचा बर्फ झटकला आणि म्हणाला, "अगं, तू सिग्नलला थांबतेस."

"काय?"

"स्लो झालीस की डावा पाय खाली टाकतेस. टिळक रोडला स्कूटरवरून टाकायचीस तसा. इतकी वर्षं मागे बसलोय मी तुझ्या, मला माहितीये."

यामिनी बर्फातच बसून राहिली. खरं होतं ते. डोंगर उजवीकडे असला की तो पाय दरीच्या बाजूला पडायचा. तिथे जमीन असायचीच नाही. तो खाली गेला की मागोमाग ती, आणि तिच्यामागून मी.

"मग काय करू? कापून टाकू?" ती चिडून म्हणाली.

शॉनने वाट दाखवली. डावा पाय दरीच्या बाजूला ठेवायचाच नाही. तो उचलून माझ्या उजवीकडच्या, पाय ठेवायच्या पायरीवर आणायचा, सगळा भार त्याच्यावर द्यायचा, आणि उजवा पाय डोंगराच्या बर्फात मोकळा सोडायचा. अंगठा हलका, कोपर सैल. अंधार पडेपर्यंत ती तेवढंच करत राहिली.

शनिवारी वेंडी काठी टेकत उताराच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. बुकिंग रद्द करायची वेळ आली तर म्हणून फोन तिच्या हातातच होता. यामिनीने पाय बदलला आणि आम्ही निघालो. अर्ध्यावर तिचा अंगठा सुटला, मी मंदावले. माझ्या पायरीवरचा तिचा डावा पाय उचलला गेलेला मला कळला. मित्रांनो, मला हात असते तर मी तो धरून ठेवला असता. पण तो पाय स्वतःच परत टेकला. उजव्या पायाने डोंगराला रेटा दिला, अंगठा हळूच दाबला गेला आणि आम्ही पलीकडे.

यामिनीने इंजिन बंद केलं आणि माझ्यावर डोकं टेकून रडली. वेंडी काठ्यांच्या वाटेने शॉनच्या आधाराने सावकाश आली. तिने फोन खिशात टाकला, दुखरा पाय हाताने उचलून माझ्यावर घेतला आणि यामिनीच्या मागे बसली.

"चल, कार पार्कला सोड मला," ती म्हणाली. "गुडघा दुरुस्त करून येते. तोवर लॉज तुझं."

मित्रांनो, जुन्या गाडीला वेळेवर तेल द्या, उन्हाळ्यात तिच्यावर नीट ताडपत्री घाला, आणि उंदरांकडे लक्ष ठेवा. एवढं माझ्यासाठी. तुमच्यासाठी सांगायचं तर, तुमचीही एखादी बाजू कच्ची असेल. तिच्यावर चिडू नका. जो पाय यामिनी कापायला निघाली होती, त्याने पुण्याच्या रहदारीत वर्षानुवर्षं दोन माणसांना पडू दिलं नव्हतं. इथेही तो तिला सावरायलाच धावत होता. नव्या देशात जमीन कुठल्या बाजूला आहे, एवढंच त्याला कोणीतरी दाखवायचं राहिलं होतं.