काळं दिसलं तर

सकाळी साडेनऊला सतबीरचा फोन आला. तो पानिपतला अडकला होता, बायकोच्या पायाचं रोजचं ड्रेसिंग करायला येणार नव्हता. तेव्हापासून गुणवंत ताटलीतल्या चिमट्याकडे बघत होता — उकळत्या पाण्यातून नुकताच काढलेला, टोकांना बारीक दाते, आणि दात्यांत अडकलेला एक थेंब, जो पडत नव्हता.

"अहो, चिमटा बघून झाला असेल तर या," आतून हेमलता.

"आलो."

पण उठला नाही. टेबलावर इंग्रजी शब्दकोश उघडा होता. करोल बागेत दुकानाबाहेर टेकवलेल्या पत्र्याने बायकोची पोटरी मागून फाडली, त्या दिवसापासून तो उघडाच होता. इमर्जन्सीतल्या डॉक्टरने कागदावर लिहिलं होतं — गॅश. सगळी नोकरी दिल्लीहून रेडिओवर जाणाऱ्या मराठी बातमीपत्रात, इंग्रजी बातम्यांचं मराठी करण्यात गेली, आणि हा शब्द आला की गुणवंत 'खोल जखम' लिहून मोकळा. दंगल, बस दरीत, बिबट्या... खोल जखम, पुढची बातमी. शब्द कुठून आला हे विचारायला वेळ नसे. आता वेळच वेळ होता.

कोश म्हणत होता, तो जुन्या फ्रेंचमधून आला, आणि तिथे त्याचा अर्थ होता वैद्याने रक्त काढण्यासाठी कातडीवर मारलेल्या चिरा — म्हणजे आपल्या फासण्या, आत्याच्या कपाळावर होत्या तशा, डोकेदुखीवर टाकलेल्या. ती हसली की त्या रेघाही हसायच्या... त्याच्याही मागे ग्रीक क्रियापद, ओरखडणे, कोरणे. आणि त्याच मुळातून 'कॅरेक्टर'. माणसाचा स्वभाव आणि पोटरीवरची चीर, एकाच घरातली! हे वाचून त्याला बरं वाटलं होतं, फार बरं. आणि त्या बरं वाटण्याचाच आता राग येत होता, कारण तेव्हा आत सतबीर पट्टी सोडवत होता, हेमलता उशीचा अभ्रा दातांत धरून होती, आणि आपण — आपण मधलं दार लोटून घेतलं होतं.

पू झाल्यावर सर्जनने ती चीर आणखी मोठी केली आणि मुद्दाम उघडी ठेवली. आतून भरत यायला हवी. रोज बघा, म्हणाले. लाल असेल तर उत्तम. पिवळं चालेल. काळं दिसलं तर थांबू नका, घेऊन या. साखर आहे, पाय वाचवायचाय.

बघा. पण जखम पोटरीच्या मागे, तिला ती दिसत नव्हती.

तो उठला. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, हातमोजे चढवले आणि ताटली घेऊन आत गेला. ती पालथी झोपली होती.

"सतबीर रोज म्हणतो, 'बढ़िया है, आंटी.' बढ़िया म्हणजे काय, सांगा ना? तुम्ही सगळ्या जगाच्या बातम्या दिल्यात. माझ्या पायाची द्या."

"चक्कर आली तर?"

"पडा बेडवर, जागा आहे. पायावर नका पडू."

सलाइन ओतून त्याने पट्टी भिजू दिली. मग चिमट्याने टोक धरलं आणि ती निघू लागली, आतून, निघतच राहिली — एवढी पट्टी आत मावली होती, एवढी जागा तिच्या पायात होती आणि आपण भिंतीपलीकडे बसून ग्रीकपर्यंत जाऊन आलो... त्याने डोळे मिटले नाहीत.

"सांगा."

खोल जखम, हे शब्द जिभेवर आयते आले. त्याने ते गिळले.

"माझ्या बोटाएवढी लांब. कडा उभ्या. तळ लाल, दाणेदार... डाळिंबासारखा."

"डाळिंब राहू द्या. पुढं?"

"मधे पिवळा पट्टा. खालच्या टोकाला..."

"काय?"

खात्री नसलेली बातमी थांबवायची, हा नियम त्याने कधी मोडला नव्हता. थांबवता आली असती. डॉक्टरांशी बोलून मग, सावकाश, दुपारी...

"काळं आहे. तिळाएवढं. सुकलेलं रक्त असेल, नसेलही. ओल्या गॉजने पुसलं, निघत नाही."

तिने उशीतून तोंड बाहेर काढलं.

"बरं," ती म्हणाली. "आता कळलं तरी. टॅक्सी बोलवा. आणि जाळीची निळी पिशवी आहे ना, त्यात माझा चष्मा आहे, तो घ्या."

"आधी पट्टी भरतो."

"तुम्हाला जमेल?"

"सांगत राहा दुखलं की."

त्याने फोटो काढला, सर्जनना पाठवला, टॅक्सी मागवली, मोजे बदलले. नवी पट्टी भिजवून तो ती हलकेच आत बसवू लागला, एका कडेपासून, तळाला लावत. ती दोनदा ओरडली, दोन्ही वेळा त्याचा हात थांबला आणि पुन्हा तिथूनच सुरू झाला. खालच्या टोकापाशी येऊन त्याने तो तीळ पुन्हा पाहिला, जवळून, झाकण्याआधी. वाढला नव्हता. पुसटही झाला नव्हता. फोन उशीजवळ पडला होता. सर्जननी फोटो अजून उघडला नव्हता.