चार नंबरची वायर

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मी एका आजींच्या घरी स्टुलावर बसून पॅनेलमध्ये वायरी जोडत होतो. सकाळचे साडेअकरा झाले असतील. शेजारच्या वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "भावजी, असाल तसे या." मी विचारलं, "पडली का?" त्यांनी फोन ठेवला. तेवढ्यावरून कळलं.

ती बाथरूमच्या बाहेर पडली होती. किती वेळ पडून होती ते कोणालाच माहीत नाही. मी आठ वाजता घर सोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, लगेच कळलं असतं तरी काही सांगता येत नाही.

आजींकडून कसा निघालो, हत्यारं कधी गोळा केली, काही आठवत नाही. दीड महिना घरी बसलो. मग मुलीने मागे लागून कामाला पाठवलं. "बाबा, नुसत्या भिंती बघत बसू नका," म्हणाली. भिंती बघणं हेच माझं काम आहे.

घरातली हालचाल ओळखणारे सेन्सर मी बसवतो. वायरवाले. कोपऱ्यात वर एक पांढरी डबी असते, तिच्यातून वायर पॅनेलपर्यंत, म्हणजे भिंतीवरच्या मुख्य डब्यापर्यंत जाते. पूर्वी लोक चोरासाठी लावायचे. आता एकट्या राहणाऱ्या आईवडलांसाठी लावतात. दिवसा तीन तास घरात काही हललं नाही, तर मुलांच्या फोनवर मेसेज जातो.

कामाला लागून पंधरा दिवस झाले आणि आजींच्या मुलीचा फोन आला.

"काका, तुमच्याबद्दल कळलं म्हणून इतके दिवस फोन केला नाही. पण आता नाइलाज आहे. रोज दुपारी मेसेज येतो, आई हलत नाही. मी ऑफिस टाकून धावत येते, तर आई शिवणाच्या मशीनवर बसलेली. दुसऱ्या माणसाकडून सेन्सर बदलून घेतला, तरी तेच. आता मी मेसेज बंद करून टाकलाय. महिनाअखेर आईला माझ्याकडे नेणार आहे."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. मुलीने अर्धी रजा काढली होती. आजींनी दार उघडलं. ऐंशीच्या पुढच्या, कमरेत वाकलेल्या, पण जीभ ताठ.

"ये रे बाबा. माझ्या नवऱ्याने जन्मात माझ्याकडे इतकं लक्ष दिलं नाही. आता कोपरे देतात."

"आई, त्यांना काम करू दे," मुलगी म्हणाली.

"करू दे की. मी काय शिडी धरून ठेवलीय? पण ऐक," आजी माझ्याकडे वळल्या, "हे नीट झालं नाही ना, तर माझी रवानगी हिच्या तिसऱ्या मजल्यावर. तिथे माझं मशीन ठेवायला जागा नाही. मग मी दिवसभर काय करू, जावयाचं तोंड बघू?"

शिवणाची खोली बोळकंडीच्या टोकाला आहे. तिथे चार नंबरचा सेन्सर. बाकीचे तीन हॉल, स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोलीत. आजी दुपारी मशीनवर बसल्या की त्या तिघांना काही दिसत नाही. सगळी भिस्त चौथ्यावर.

शिडी लावली, हात हलवला. डबीतला लाल दिवा लागला. बारा व्होल्ट नीट येत होते. म्हणजे डबीला दिसत होतं, पण तिचं म्हणणं पॅनेलपर्यंत पोचत नव्हतं. वायर उंदराने खाल्ली असेल किंवा खिळ्यात सापडली असेल, असं वाटलं. चढउतार करून गुडघे बोलायला लागले होते.

शेवटी पॅनेल उघडलं. चार नंबरच्या दोन भोकांत एक छोटा रेझिस्टर बसवलेला होता. तो तिथे असला की पॅनेलला वाटतं, सगळं ठीक आहे. सेन्सरकडून आलेल्या दोन वायरी मात्र बाजूला दुमडून ठेवलेल्या, त्यांच्यावर टेप. टेपचं टोक अर्धं बोट आत दुमडलेलं.

तसं टोक मी दुमडतो. घरात टेपची गुंडाळी हातात घेतली की बायको चिडायची. "टोक दुमडून ठेवत जा हो, शोधताना नखं मोडतात माझी." वीस वर्षं ऐकून हाताला सवय लागली.

म्हणजे त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी एवढं केलं होतं. पॅनेल ओरडत राहू नये म्हणून रेझिस्टर लावला, वायरी झाकल्या, झाकण बंद केलं. डोकं नव्हतं जागेवर, पण हातांनी टेपचं टोकसुद्धा दुमडलं.

मी खाली उतरलो आणि मुलीला सांगितलं, "ताई, सेन्सर चांगला आहे. चूक माझी आहे. वायर जोडायची मीच ठेवून गेलो होतो."

ती बघतच राहिली. "अहो काका, दीड महिना मी जीव मुठीत धरून धावत होते. बॉसची बोलणी खाल्ली. आणि वायर जोडलेलीच नाही?"

"नाही."

"कोणत्या दिवशी राहिली ते विचार की त्याला," आजी म्हणाल्या. त्यांनी मशीनचा खण उघडून चष्म्याची डबी काढली. "हा घे तुझा चष्मा. त्या दिवशी इथेच टाकून गेलास. मी काचा पुसून ठेवल्यात."

मी चष्मा खिशात ठेवला.

टेप काढायला नख लावावं लागलं नाही. वायरी जोडल्या, रेझिस्टर सेन्सरमध्ये त्याच्या जागी घातला. आजी मशीनवर बसल्या, हात हलला की पॅनेलवर चार नंबर उजळत होता.

"झालं?" मुलीने विचारलं.

"अर्धं. मेसेज नको तेव्हा येत नाही, एवढं कळलं. हवा तेव्हा येतो का, तेही बघायला पाहिजे."

तीन तासांऐवजी पंधरा मिनिटं लावली. तिला मेसेज पुन्हा सुरू करायला सांगून खाली बाकावर पाठवलं. दार ओढून आजी आणि मी जिन्याच्या पायरीवर बसलो. आत कोणी नव्हतं.

"माझ्याच घराबाहेर बसवलंस," आजी म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "तुझ्या घरी आहे का रे हे?"

"वायर ओढलेली आहे. बाथरूमच्या बाहेर."

"आणि?"

"ती म्हणायची, पूर्ण करा. मी म्हणायचो, रविवारी."

आजी गुडघा चोळत बसल्या.

खालून मुलीचा आवाज आला. "आला! काका, मेसेज आला!"

वेळ पुन्हा तीन तासांवर लावली. आईला इथेच राहू द्यायचं, असं मुलगी म्हणाली. आजींनी विजेत्यासारखं मशीन सुरू केलं.

याला आता चार महिने झाले. आजी त्यांच्या घरीच आहेत. माझी मुलगी फोनवर दर आठवड्याला विचारते, "बाबा, लावला का?" आमच्या बाथरूमच्या बाहेर छतातून वायर लोंबते आहे, टोकाला टेप आहे. सेन्सर खोक्यात, कपाटावर आहे. लावायचा राहिला आहे.